स्त्रीदेह, साचा आणि साहित्य : समकालीन शिल्पातल्या 'कातडी'बद्दल

अर्धउठाव (धागाकर्ता)

समकालीन शिल्पातल्या स्त्रीदेहावर लिहिणारे बहुतेक जण 'पुरुषी नजरे'पासून सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात. समोरचं शिल्प कशाचं आहे, कशाच्या आधारावर उभं आहे, कुठे कापलंय आणि कापलेली कड उघडी ठेवलीय की बुजवलीय, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते बाईच्या देहाबद्दल ते शिल्प काय म्हणतंय, याचं निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच असतं.

१९६०च्या दशकापासून काय बदललं ते बघा. दगड आणि ब्राँझमधला बंद, गुळगुळीत, कायमचा देह मागे पडला आणि शिल्पकार स्त्रियांनी ओघळणारं, पिवळं पडणारं, शिवलेलं, गाठी मारलेलं साहित्य हातात घेतलं. आलिना शापोच्निकोव्हने १९६६च्या सुमारास ओठांचे साचे घेऊन रंगीत पॉलिएस्टर रेझिनमध्ये (ओतल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ओतले आणि आत दिवे बसवले. इव्हा हेसने लेटेक्स (पातळ, ओतता येणारं नैसर्गिक रबर) आणि फायबरग्लास घेतलं. मृणालिनी मुखर्जींनी हेंपचे, म्हणजे तागासारख्या चिवट तंतूचे दोर गाठून 'देवी' (१९८२) आणि 'यक्षी' (१९८४) उभ्या केल्या. किकी स्मिथने मेण घेतलं. यातली एकही निवड 'काहीतरी नवीन' म्हणून केलेली वाटत नाही.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं :
१) जिवंत शरीरावरून घेतलेला साचा इतका हुबेहूब असूनही ओतीव काम मेलेलं का दिसतं?
२) बिनडोक्याचा, बिनहाताचा स्त्री-टॉर्सो (नुसतं धड) अजून किती दिवस?
३) लेटेक्स, मेण, नायलॉन ही मंडळी टिकतात का, आणि टिकायलाच हवीत का?

---

सांध्याची_रेघ

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण यात हमखास त्याच त्या चुका होतात.

उभ्या धडाच्या पुढच्या बाजूसाठी आल्जिनेट पावडर (पाण्यात कालवून अंगावर लावली की रबरासारखी आवळते, म्हणजे घट्ट होते) साधारण एक ते सव्वा किलो लागते. पाणी वजनाने चार ते पाच पट, पण पाकिटावरचं प्रमाण अंतिम. दातांच्या कामाचं आल्जिनेट घेऊ नका, ते दोन-चार मिनिटांत आवळतं. शरीरासाठी मिळणारं सावकाश आवळणारं घ्या. पाणी जितकं कोमट तितका हातात वेळ कमी. म्हणून लोक गार पाणी वापरतात, समोरची व्यक्ती कुडकुडते, अंगावर काटा येतो आणि तो काटा साच्यात जसाच्या तसा उतरतो. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि खोली गरम करा.

थर आठ ते दहा मिलिमीटर. आवळलेल्या आल्जिनेटवर ताजं आल्जिनेट चिकटत नाही, दोन थरांत पापुद्रा सुटतो. दुसरी खेप लावायचीच झाली तर आधीची कड धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून मऊ करून घ्या. थर ओला असतानाच वरून कापूस किंवा विरळ जाळीचं कापड दाबून बसवा, म्हणजे प्लास्टर बँडेजचं कवच त्याला धरून राहील. बँडेजचे तीन-चार थर, कडेला पाच-सहा, आणि मधोमध एक आडवी पट्टी बरगडीसारखी. ही पट्टी विसरली की साचा काढताना उघडतो आणि ओतल्यावर छाती दोन बोटं रुंद होते. मग 'प्रमाण चुकलं' म्हणून आल्जिनेटला शिव्या.

साचा निघाला की तासाभरात ओता. आल्जिनेट पाणी सोडतं आणि आकसतं. उशीर होणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पण रात्रभर ठेवू नका. पहिला प्लास्टरचा थर पातळ, ब्रशने, फक्त त्वचेचा तपशील पकडण्यापुरता. मग ताग किंवा सिसलचे धागे प्लास्टरमध्ये बुडवून एकूण जाडी बारा ते पंधरा मिलिमीटरपर्यंत न्या. साधं पीओपी असेल तर १०० भागाला ६० ते ७० भाग पाणी.

आता मेलेलं का दिसतं. ओलं आल्जिनेट आणि बँडेज यांचं वजन मऊ भागांना खाली ओढतं. स्तनाखालची घडी चेपते, पोट सपाट होतं. व्यक्ती श्वास कोंडून उभी राहते, त्यामुळे खांदे कानाकडे चढलेले असतात. शिवाय त्वचेचा रंग आणि अर्धपारदर्शकपणा गेला की डोळ्याला फक्त रंध्रं उरतात, तीही सगळीकडे सारख्याच ठळकपणे. म्हणजे शरीर नव्हे, साच्याचं ओझं सहन करणारं शरीर उतरतं.

उपाय : सरळ उभं न करता पाठीमागे दहा-पंधरा अंश कललेल्या फळीला टेकवा. पूर्ण आडवं केलं तर स्तन काखेकडे पसरतात, ते वेगळंच शरीर होतं. गुडघे ताठ ठेवू देऊ नका, चक्कर येते. अर्धा श्वास सोडलेल्या स्थितीत उथळ श्वास घेत राहायला सांगा. बोलता येत नसेल तेव्हाची हाताची खूण आधी ठरवा आणि खूण दिसली की काम थांबवा, कितीही थर झालेले असोत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट झोपवून साचा घेऊच नये, मोठ्या शिरेवर दाब येतो. आणि कुठलाही अवयव प्लास्टरच्या बादलीत बुडवायचा नाही. आवळताना ते ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि हात अडकून बोटं गमावल्याची उदाहरणं आहेत.

---

माती_नवी

सर्वांचे आभार, वाचतेय. आल्जिनेटऐवजी सिलिकॉन का नको? एकाच साच्यातून दहा प्रती निघतील ना?

---

सांध्याची_रेघ

@माती_नवी, निघतील. त्वचेला चालणारं प्लॅटिनम सिलिकॉनच घ्या, दोन भाग समप्रमाणात. पण ते नाजूक आहे. लेटेक्सचे हातमोजे घातले, गंधक असलेली क्ले जवळ आली किंवा आधी टिन-सिलिकॉनला (दुसऱ्या जातीच्या सिलिकॉनला) वापरलेला ब्रश घेतला, तर तेवढा भाग चिकटच राहतो, कधीच आवळत नाही. नायट्रिलचे मोजे वापरा. अंगावरच्या केसांना व्हॅसलीन भरपूर लावा, नाहीतर काढताना शिल्पकाराशी असलेली मैत्री संपते.

दुसरं, सिलिकॉन फक्त सिलिकॉनलाच चिकटतं. पुढचा-मागचा असा दोन भागांचा साचा असेल आणि मधल्या कडेला व्हॅसलीन लावायचं राहून गेलं, तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि व्यक्ती आत.

---

छिन्नीहातोडा

तपशील उत्तम, पण मुळात साचाच कशाला? शरीरावरून साचा घेणं म्हणजे निर्णय टाळणं, असं माझं स्पष्ट मत. मातीत घडवताना प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं.

स्त्रीदेह घडवताना हात सवयीने कुठे घसरतो ते सांगतो. स्तन दुसऱ्या ते सहाव्या बरगडीवर बसलेले असतात, बरगड्यांचा पिंजरा गोल असतो, म्हणून ते समोर नाही तर दोन बाजूंना बघतात आणि त्यांची एक शेपटी काखेत जाते. ही शेपटी दाखवली नाही की दोन वाट्या चिकटवल्यासारखं होतं. कंबरेखाली, कुल्ल्याच्या हाडाच्या कडेवरची चरबी आणि मांडीवरची चरबी यांच्यामध्ये एक खळगा असतो. मासिकांतल्या चित्रांवर वाढलेला डोळा तो मातीने भरून टाकतो आणि एक सलग वळण करतो. त्या खळग्यात बोट घालून तो परत उकरला की एकदम माणूस दिसायला लागतो. एका पायावर भार असेल तर त्या बाजूचा कुल्ला वर, खांदा खाली. बसलेल्या देहात बेंबी आडवी होते आणि तिच्या वर-खाली दोन घड्या पडतात. या घड्या हा तपशील नाही, तो भार आहे.

हाड कुठे त्वचेजवळ येतं हे आधी पक्कं करा : गळ्याची हाडं, कंबरेच्या पुढच्या दोन टोकांचे उंचवटे, पाठीच्या तळाच्या दोन खळ्या, गुडघा. ही ठिकाणं कडक राहिली तर मधलं सगळं मऊ ठेवायची मुभा मिळते. हाडंही मऊ केली की बाहुली.

---

अर्धउठाव

@छिन्नीहातोडा, खळग्याचा मुद्दा वाचून बरीच सार्वजनिक शिल्पं डोळ्यांपुढून गेली. :)

पण 'निर्णय टाळणं' हे सरसकट नाही पटत. भारती खेर यांच्या 'सिक्स विमेन' या कामात कोलकात्यातल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरून साचे घेऊन बसलेल्या आकृती प्लास्टरमध्ये ओतल्यात. तिथे साच्याचं ओझं, थकवा, सैल पडलेलं पोट हे दोष म्हणून पुसलेले नाहीत. बसवण्याचा, नग्न आणि उघडं प्लास्टर ठेवण्याचा, रंग न देण्याचा निर्णय आहेच की. वर रेघसाहेबांनी 'मेलेलं' दिसण्याची जी कारणं दिलीत, त्यातली काही इथे अर्थ म्हणून वापरलीत.

---

छिन्नीहातोडा

ते काम मान्य. पण त्याचं बळ बसण्यात आहे. उभ्या नग्न देहाची सवय आपल्या डोळ्याला इतकी आहे की बसलेली, मांड्या पसरलेली, पन्नाशीतली बाई समोर आली की प्रेक्षक उगाच बाजूचा फलक वाचायला लागतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बिनडोक्याचा टॉर्सो लोकप्रिय आहे त्याचं एक कारण निव्वळ सोय. डोकं आणि हात आले की साच्यात अंडरकट (साचा अडकून बसेल अशा आत वळलेल्या जागा) येतात, भाग दोनाचे पाच-सात होतात आणि खर्चही तसाच. 'प्राचीन भग्नशिल्पांचा वारसा' वगैरे नंतर जोडलेलं.

कापायचंच असेल तर कडेचा विचार करा. मान सपाट कापून बुजवली तर तो मांसाचा तुकडा वाटतो. तीच मान उघडी ठेवली, आतली पोकळी आणि आठ-दहा मिलिमीटरची कड दिसू दिली, तर ते कवच होतं, कुणीतरी त्यातून निघून गेल्यासारखं. वस्तू तीच, फक्त शेवटची दोन तासांची घासकामाची निवड वेगळी. आतला भाग खडबडीत ठेवा, बाहेरचा गुळगुळीत. आतूनही गुळगुळीत केलं की फुलदाणी.

---

गाठगुंता

कवचाचं निघालंच आहे तर शकुंतला कुलकर्णींचं 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' (२०१०–१२) इथे यायलाच हवं. वेताची, अंगावर चढवता येणारी चिलखतं. संरक्षण आणि पिंजरा दोन्ही एकाच विणीत, आणि आतलं शरीर वेतांच्या फटींतून दिसतंच.

वेताचं काम करणाऱ्यांसाठी : तीन ते पाच मिलिमीटरचा गाभ्याचा वेत कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं पुरतो. रात्रभर भिजवला की तंतू सुटतात आणि काळसर डाग पडतात. जाड कांबीला वाफ द्यावी लागते. वाकवताना सालाची बाजू बाहेर ठेवा, नाहीतर चिरते. अंगावर चढवायचं असेल तर छातीभोवती दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेतच. पूर्ण श्वास घेतलेल्या छातीवर माप घ्यायचं, सोडलेल्या नव्हे.

आता मुखर्जींबद्दल. त्यांचं काम 'विणकाम' म्हणून बाजूला टाकण्याची जुनी खोड आहे. माग नाही, चौकट नाही, हाताने एकेक गाठ आणि आत धातूचा आधार. दोर वरून खाली येतो, गुरुत्वाकर्षण त्याला ओढतं आणि प्रत्येक घडी, ओठासारखी प्रत्येक कड ही त्या ओढीशी केलेली तडजोड असते. म्हणून त्या आकृती एकाच वेळी देवीही दिसतात, फूलही आणि योनीही, आणि त्यातलं नक्की कोणतं ते ठरवता येत नाही. तेच दोर ताणून सपाट पॅनल केलं असतं तर यातलं काहीही आलं नसतं.

करून बघणाऱ्यांना हिशेब : साध्या गाठींना तयार लांबीच्या चौपट दोर, घट्ट दाट गाठींना सहा ते आठ पट. एवढा लांब दोर हातात घेऊन गाठता येत नाही, तो वेढ्यांच्या गुंड्या करून रबराने बांधून सोडायचा. रंग आधी द्यायचा. गाठल्यावर रंगात बुडवलं तर गाठीच्या पोटात रंग पोचत नाही आणि नंतर गाठ सरकली की पांढरी रेघ उघडी पडते. कडी किंवा सांगाडा लोखंडाचा असेल तर गंजरोधक लावूनच, कारण नैसर्गिक दोर हवेतली ओल धरतो आणि गंज आतून बाहेर डागतो. लटकवलेलं काम पहिल्या काही आठवड्यांत ताणून लांबतं, म्हणून जमिनीपासूनचं अंतर त्यानंतर ठरवा.

---

जतनकाम

तिसरा प्रश्न माझ्या वाटणीचा.

लेटेक्स. नैसर्गिक रबर हवा आणि प्रकाशात ऑक्सिडाइझ होतं. आधी पिवळं, मग तपकिरी, मध्ये काही काळ चिकट, शेवटी ठिसूळ. हेसच्या 'एक्सपांडेड एक्सपान्शन'मध्ये (१९६९) फायबरग्लासच्या खांबांमध्ये लेटेक्स लावलेलं विरळ कापड आहे. मुळात मऊ, सरकवता येणारं ते कापड कडक आणि काळपट झालं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने जतनकाम करून ते २०२२ मध्ये पुन्हा मांडलं. मूळ मऊपणा परत आणता येत नाही, फक्त पुढची मोडतोड रोखता येते. हेस १९७० मध्ये, ३४ व्या वर्षी गेली, त्यामुळे 'हे असंच होऊ द्यायचं होतं का' हे तिला विचारायची सोय नाही.

नवीन काम करणाऱ्यांसाठी : पातळ थर, आठ-दहा, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत अमोनिया व ओल अडकते. मध्ये गॉझ (विरळ जाळीचं कापड) घाला. तांबं आणि पितळ लेटेक्सला अजिबात लागू देऊ नका. तांब्यामुळे रबर फार झपाट्याने सडतं. सुंदर पितळी हुकावर लटकवलेलं लेटेक्सचं 'कातडं' नेमकं हुकाशीच तुटतं, त्याचं कारण हे. आणि काम करण्याआधी लेटेक्सची ॲलर्जी आहे का बघा.

मेण. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधी, तिशीच्या पुढच्या तापमानात स्वतःच्या वजनाने बसायला लागतं. म्हणून मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासूनचं, जास्त चिवट) मिसळतात, आतून सांगाडा देतात. किकी स्मिथच्या १९९०च्या आसपासच्या मेणाच्या आकृती धातूच्या दांड्यांवर टांगल्यासारख्या उभ्या आहेत. तो आधार लपवलेला नाही आणि तिथेच त्या देहांची असहायता आहे. वर येणारी पांढुरकी बुरशीसारखी साय ही बुरशी नसते, मेणाचाच अंश पृष्ठावर येतो. मऊ फडक्याने किंवा अगदी हलक्या उबेने जाते, सॉल्व्हंट लावू नका.

त्वचेसारखा रंग हवा असेल तर वरून रंगवू नका. बर्लिंडे डी ब्रुइकेरेचं काम बघा : सिलिकॉनच्या साच्यात आधी सर्वांत बाहेरचा फिकट, पारदर्शक थर, मग लालसर, निळसर थर आतल्या बाजूने. प्रकाश आत शिरून परत येतो. पहिला प्रश्न 'मेलेलं का दिसतं' हा होता ना, त्याचं एक उत्तर हेही.

नायलॉन. सेंगा नेंगुडीची १९७०च्या दशकातली 'आर.एस.व्ही.पी.' मालिका : वापरलेल्या पँटीहोज (कंबरेपर्यंतचे नायलॉनचे मोजे), त्यात वाळू, भिंतीला ताणलेल्या. नायलॉन ताणाखाली हळूहळू लांबत जातं आणि परत येत नाही. बाळंतपणानंतरच्या शरीराचं ताणणं-आकसणं हाच विषय असलेल्या कामात हे गृहीतच आहे. जतनाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक मांडणीचे ताण-बिंदू, वाळूचं वजन आणि जमिनीपासूनचं अंतर लिहून ठेवणं एवढंच हाती असतं. सारा लुकसच्या 'बनी'त (१९९७) मोज्यांत कापोक (सावरीच्या कापसासारखं भरण) आणि तार आहे, तिथे प्रश्न वेगळा : तार बाहेर टोचते.

टिकायलाच हवं का? जॅनिन अँटोनीच्या 'नॉ'मध्ये (१९९२) ६०० पौंडांचा चॉकलेटचा आणि तेवढाच चरबीचा ठोकळा होता, तिने ते दाताने कुरतडले. चरबीचा ठोकळा प्रदर्शनातच ढासळला. तिथे ढासळणं हे काम आहे. हेसच्या बाबतीत ते तितकं उघड नाही. दोन्हींना एकच 'क्षणभंगुरता' चिकटवणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे.

---

माती_नवी

रेझिनबद्दल कुणी लिहिलं नाही. शापोच्निकोव्हसारखं पारदर्शक हवं असेल तर पॉलिएस्टर की इपॉक्सी?

---

जतनकाम

दोन्ही पिवळी पडतात, इपॉक्सी बहुधा लवकर. पॉलिएस्टरला हार्डनर एक ते दोन टक्के. जाड ओतकामात एक टक्क्याच्या खाली राहा आणि थरांत ओता. जास्त घातलं की उष्णता कोंडते आणि आतून तडे जातात. कोबाल्ट ॲक्सिलरेटर (आवळण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरं. पॉलिएस्टरमधून निघणाऱ्या स्टायरीनच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क. कापडी मास्क निरुपयोगी. शिल्पकार निकी द सेंट फाल हिची फुप्फुसं पॉलिएस्टरच्या कामाने खराब झाली, हे तिच्या रंगीबेरंगी 'नाना' (गुबगुबीत स्त्री-आकृती) बघताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

---

छिन्नीहातोडा

मोठ्या आकाराबद्दल राहिलं. सध्या सार्वजनिक जागेत स्त्री-आकृती मोठ्या होताहेत : सिमोन लीचं 'ब्रिक हाउस' (२०१९) १६ फूट, खेर यांचं 'अँसेस्टर' (२०२२) १८ फूट, दोन्ही ब्राँझ. आधी मार्क क्विनचं 'ॲलिसन लॅपर प्रेग्नंट' संगमरवरात, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००५ ते २००७, साडेतीन मीटरच्या आसपास. हात नसलेली, गरोदर, आणि डोकं शाबूत. बिनहाताच्या टॉर्सोला दिलेलं सर्वांत थेट उत्तर तेच.

तीस सेंटिमीटरचं मॉडेल तीन मीटर केलं की पृष्ठभाग शंभरपट, आकारमान हजारपट. छोट्या मॉडेलमध्ये बोटाच्या एका दाबाने झालेली पोटाची उतरण मोठी झाल्यावर रिकामं मैदान होते. स्कॅन करून यंत्राने मोठं केलेल्या कामांत हे लगेच ओळखू येतं. मोठं केल्यावर पुन्हा मातीने किमान वरचा थर हाताने करावा लागतो. शिवाय बघणारा खाली. छाती चेहरा झाकते, मांड्या अवाढव्य दिसतात. म्हणून डोकं आणि खांदे थोडे मोठे, चेहरा किंचित पुढे झुकलेला. लीने 'ब्रिक हाउस'मध्ये धडच घुमटासारखं घराच्या आकाराचं केलं, त्यामुळे खालून बघताना होणारी पंचाईत मुळातच उरत नाही.

आणि हो, ब्राँझ गार होताना दीड ते दोन टक्के आकसतं. तीन मीटरला पाच-सहा सेंटिमीटर. जोडून ठेवायच्या आकृती, म्हणजे आई आणि मूल वगैरे, वेगवेगळ्या साहित्यात करत असाल तर आधी हे धरा, नाहीतर हात खांद्यावर टेकत नाही.

---

माती_नवी

एक शेवटचं. साच्याची सांध्याची रेघ बाजूने, काखेतून पायापर्यंत न्यायची ना?

---

सांध्याची_रेघ

लपवायची असेल तर हो : काखेच्या मध्यातून, कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागून. तिथे घासून काढली तरी स्नायूंचा आकार बिघडत नाही. ठेवायची असेल तर मात्र बाजूला नेऊ नका. लुईझ बुर्ज्वाच्या कापडी डोक्यांवर टाके चेहऱ्यावरूनच जातात. रेघ पोटावरून न्यायचं ठरवलं तर साचा डावा-उजवा असा करावा लागेल, पुढचा-मागचा नाही, आणि मधली भिंत बेंबीच्या एका कडेने वळवून घ्या. बरोबर बेंबीतून नेली तर आल्जिनेट तिथे फाटतंच.